पाणी नितळ, मासे मलूल आणि अमोनिया 4! पाणी बदलू का?

काचेआड
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून सरळ धागाच काढतोय. जाणकारांनी कृपया लवकर बघा.

टाकी 120 लिटरची, तीन वर्षांहून जुनी. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्याचा), हीटर 26 अंशांवर. झाडं म्हणाल तर जावा फर्न आणि अनुबियास, बस. मासे म्हणजे तीन एंजल, टेट्रांचा थवा, पाच-सहा कॉरिडोरास आणि एक प्लेको. आजवर कसली कटकट नाही. परवा चार प्लॅटी मासे आणले. पिशवी तरंगत ठेवून, टाकीतलं पाणी थोडं थोडं घालत, सगळं रीतसर करून सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गेलेल्या, संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोघीही गेल्या. जुने मासे ठीक वाटत होते, पण आज एंजल पर मिटून कोपऱ्यात उभे आहेत आणि कॉरी तर खाणं नाकासमोर पडलं तरी हलत नाहीत.

किटने तपासलं. अमोनिया 4 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), नायट्राइट 0, नायट्रेट 80 किंवा जास्त (त्या लाल छटांमधला फरक मला कळत नाही), पीएच 6.0. पाणी अगदी नितळ, वास नाही. फिल्टरची धार नेहमीसारखीच. निम्मं पाणी बदलायला बादल्या भरून, अँटी-क्लोरीन टाकून तयार ठेवल्यात. बदलू ना?

पाणबुड्या
विचारताय काय, बदला! निम्मं आत्ता, निम्मं उद्या. आणि तो फिल्टर उघडून चांगला धुवा, सगळी घाण त्यातच असणार.

शेवाळशेठ
पाणी बदलण्याबद्दल +1. फिल्टरबद्दल मात्र नाही. अमोनिया वाढलेला असताना फिल्टर धुणं म्हणजे त्यातले अमोनिया खाणारे उरलेसुरले जिवाणूही घालवणं. धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज एकदा हलकेच पिळायचा, नळाखाली कधीच धरायचा नाही.

रसायनवाली
थांबा! बादल्या आहेत तिथेच राहू द्या.

आधी तीन गोष्टी सांगा. नळाच्या पाण्याचा पीएच किती? केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, अंशांत) मोजायचं किट आहे का? पाणी बदलता ते कुठलं? तोवर खाणं बंद ठेवा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर चालू करा. मोठे धडधाकट मासे काही दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही.

आणि 6.0 हा तुमच्या किटच्या कार्डावरचा शेवटचा रंग आहे ना? मग खरा पीएच साडेपाचही असेल. त्या पिवळ्याच्या खालचं किटला दिसतच नाही.

पाणबुड्या
ताई, मान्य की तुम्हाला यातलं जास्त कळतं, पण अमोनिया 4 असताना "थांबा" म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. मासे तेवढ्यात जातील.

रसायनवाली
प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किट जो अमोनिया दाखवतं तो दोन रूपांची बेरीज असते. एक मुक्त अमोनिया, तो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो, खरा विषारी तोच. दुसरं अमोनियम, ते माशांना फारसं बाधत नाही. कोणाचा वाटा किती हे मुख्यतः पीएच ठरवतो, थोडंफार तापमान. 25 अंशांना पीएच 6 असेल तर मुक्त अमोनिया एकूण आकड्याच्या जेमतेम 0.06 टक्के असतो. पीएच 7 ला साधारण 0.6 टक्के, 8 ला 5 टक्क्यांच्या वर. पीएच एकाने वाढला की विषारी वाटा जवळपास दहापट.

आता काचेआड यांची टाकी घ्या. 4 पीपीएमचे 0.06 टक्के म्हणजे सुमारे 0.002. यातून मासे मरत नाहीत. बादल्यांतलं पाणी नळाचं असेल आणि ते घालून पीएच साडेसातवर गेला, तर निम्मा अमोनिया काढूनसुद्धा उरलेल्या 2 पीपीएममधला मुक्त भाग 0.035 च्या आसपास होतो. म्हणजे निम्मा काढून विषारी भाग पंधरापट! पाणी बदलल्यावर रात्रीत टाकीतले सगळे मासे गेले, अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो त्यातल्या बऱ्याच अशा असतात. दोष मात्र क्लोरीनवर जातो.

मी_गणिताचा
आकडे दिसले की राहवत नाही. निम्म्याऐवजी 90 टक्के बदललं तर? उरला 0.4, पीएच 7.8 धरला तर मुक्त वाटा 3.4 टक्के, म्हणजे 0.014. यापेक्षा तुमचं अर्धवट बदलणंच घातक झालं की!

रसायनवाली
गणित चोख आहे. पण मासा नुसत्या अमोनियात राहत नाही हो. तासाभरात पीएच साडेपाच-सहावरून पावणेआठवर आणि त्याच वेळी सगळे क्षार पालटलेले, हा धक्का वेगळाच. मलूल एंजलला तो झेपेल याची मी खात्री देणार नाही. टाकीचं आणि नळाचं पाणी एकसारखं असेल आणि भानगड बाहेरून आलेली असेल, म्हणजे कोणी टाकीजवळ डासांचा फवारा मारला, लहान मुलाने खाण्याचा अख्खा डबा ओतला, तर मी स्वतः 80-90 टक्के बदलायला सांगेन, तेही लगेच.

काचेआड
सगळ्यांचे आभार, बादल्या जागच्या हलवल्या नाहीत. नळाचं पाणी: पीएच 7.8, केएच 8. टाकीचा केएच तपासताना गंमत झाली. नळाचं पाणी पहिल्या थेंबाला निळं झालं आणि आठव्याला पिवळं. टाकीचं पाणी निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला थेट पिवळं. किट खराब आहे का?

पाणी आरओचं वापरतो, वर्षभरापासून. एंजलना मऊ पाणी मानवतं असं वाचलं होतं.

टीडीएसवाला
टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किती? आकडा द्या म्हणजे नक्की सांगता येईल.

काचेआड
260. नेहमी एवढाच असतो.

टीडीएसवाला
मग पाणी उत्तम आहे. 150 ते 300 मध्ये एंजल मजेत राहतात. मला वाटतं अमोनियाचं किट जुनं झालंय.

रसायनवाली
किट दोन्ही ठणठणीत आहेत. केएच शून्य आहे, हेच उत्तर.

टीडीएसवाला, राग मानू नका, पण तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. क्षार कुठले ते त्याला कळत नाही. बायकार्बोनेट संपून त्या जागी नायट्रेट साठलं तरी मीटर 260 च म्हणणार. इथे तेच झालंय.

काचेआड, टाकीत गोगलगायी आहेत का?

काचेआड
आहेत, रॅम्सहॉर्न. का?

रसायनवाली
शंख नीट बघा. मधला, सगळ्यात जुना वेढा.

काचेआड
अरे देवा. भिंग घेऊन बघितलं. मधला भाग पांढराफटक, खडूसारखा, त्यावर बारीक खड्डे. दोघींच्या शंखाला तर आरपार भोक. बाहेरची नवी कड तेवढी तपकिरी आहे. हे बरेच दिवस असं आहे, मला वाटायचं म्हातारपण.

रसायनवाली
म्हातारपण नाही, आम्लाने शंख विरघळतोय. तुमच्या टाकीत हे कित्येक महिने चाललंय.

नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात ना, त्या कामात आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, पचवतं. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. नळाचं पाणी घालत होतात तेव्हा दर वेळी भरपाई होत होती. आरओत केएच जवळजवळ नसतो, मग नुसता खर्च. आणि यातली खोच अशी की केएच थोडासाही शिल्लक आहे तोवर पीएच फारसा हलत नाही. महिनोन् महिने 7.2, 7.0 दाखवत राहतो आणि शिल्लक संपली की धाडकन कोसळतो. पीएच सहाच्या आसपास किंवा खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं, जवळपास थांबतं. मासे रोज अमोनिया सोडतायत, तो साठत जातो. नायट्राइट 0 का, तर पहिलीच पायरी बंद आहे.

जुने मासे हळूहळू त्या पाण्याला सरावले. प्लॅटी पडल्या जड, क्षारयुक्त पाण्यातल्या, त्यांना एका तासात या पाण्यात यावं लागलं. टाकीतल्या पाण्याने कितीही सावकाश सरावल्या तरी पीएचमध्ये एवढा फरक तासाभरात पचत नाही.

शेवाळशेठ
शंखांचं हे माहीत नव्हतं. माझा आधीचा +1 मागे घेतो. वाचनखूण साठवली.

पाणबुड्या
पटलं. मग खायचा सोडा टाकून केएच वाढवला तर? स्वस्त आणि मस्त.

रसायनवाली
वाढेल, पण आत्ता नको. 100 लिटरला 3 ग्रॅम खायच्या सोड्याने केएच साधारण 1 अंश वाढतो, हिशेब सोपा आहे. पण त्याबरोबर पीएचही वर जाणार आणि अमोनिया अजून 4 आहे. म्हणजे वर सांगितलेलाच घोटाळा, फक्त बादलीऐवजी चमच्याने.

क्रम असा ठेवायचा: आधी अमोनिया खाली, मग पीएच वर.

काचेआड, झिओलाइट मिळवा, पांढरट-करडे खडे येतात ते. धुऊन जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. झिओलाइट अमोनियम धरतो आणि तुमच्या पाण्यात या घटकेला बहुतेक सगळं अमोनियमच आहे, त्यामुळे काम जोरात करेल. ॲक्टिव्हेटेड कार्बन कोणी सुचवेल, त्याचा अमोनियावर उपयोग नाही. दुसरं, पाणी बदला पण रोज 10-15 टक्केच आणि सुरुवातीला तीन भाग आरओ, एक भाग नळ. तापमान सारखं करून, बारीक नळीने हळूहळू सोडा. अमोनिया 1 च्या खाली आला की मिश्रणात नळाचा वाटा वाढवत न्या. रोज अमोनिया आणि पीएच एकाच वेळी मोजायचे. नुसत्या अमोनियाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, हे आता कळलंच असेल.

नवी_टाकी
धागा हायजॅक करतेय, माफी असावी. माझी टाकी दुसऱ्या आठवड्यात आहे आणि आज पाणी दुधासारखं पांढरं झालंय. काल स्वच्छ होतं! हेच असेल का?

शेवाळशेठ
हे वेगळं. नव्या टाकीत उरलेल्या खाण्यावर आणि सेंद्रिय कचऱ्यावर जगणाऱ्या जिवाणूंची एकदम पैदास होते, त्याने पाणी पांढुरकं दिसतं. सगळं पाणी बदललंत तर परवा पुन्हा तेच. खाणं निम्म्यावर आणा, एअर पंप चालू ठेवा कारण हे जिवाणू ऑक्सिजन खातात, आणि अमोनिया-नायट्राइट मोजत राहा. ढगाळपणा आपोआप निवळतो. सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा जम बसणं, पूर्ण व्हायला मात्र चार ते सहा आठवडे धरून चाला. मासे किती सोडलेत?

नवी_टाकी
ते विचारू नका 🙈

शेवाळशेठ
बरं. मग एखाद्याच्या चालू फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणा, बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे. आणि अमोनिया किंवा नायट्राइट 0.5 च्या वर गेलं की पाणी बदला. तुमचं पाणी नळाचंच आणि पीएच स्थिर असेल, तर तुम्हाला वरची भीती नाही.

(पाणी हिरवं झालं असतं तर ते शेवाळ, उजेड कमी करा. काढ्यासारखं तपकिरी झालं तर लाकडाचा अर्क, निरुपद्रवी. एवढ्यावर स्वतंत्र धागा नको.)

तिरका_खेकडा
माझंही एक गाऱ्हाणं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मगच वापरतो. आजवर हे पुरत होतं. काल पाणी बदलल्यावर थोड्याच वेळात सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. कल्ले लालभडक. बदलायच्या आधी अमोनिया 0, नंतर 0.5. टाकीत कुठेही मेलेला मासा नाही.

रसायनवाली
मासे अजून वर आहेत का? असतील तर टाकीच्या पूर्ण आकारमानाला पुरेल एवढं अँटी-क्लोरीन आधी टाका, मग पुढचं वाचा.

साधा क्लोरीन उघड्या बादलीतून उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडत नाही. पाणीपुरवठ्यात शुद्धीकरण कधी बदललं हे आपल्याला कोणी सांगत नाही, मासे सांगतात. सोडियम थायोसल्फेट म्हणजे आपलं नेहमीचं अँटी-क्लोरीन. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला ते सात-साडेसात मिलिग्रॅम लागतं. क्लोरामाइनही त्याने फुटतं, पण फुटल्यावर अमोनिया मोकळा होतो. तो चालू फिल्टर खाऊन टाकतो, फक्त एका वेळी पाणी कमी बदला. खात्री करायची तर नळाचं ताजं पाणी "मुक्त क्लोरीन" आणि "एकूण क्लोरीन" दोन्ही पट्ट्यांनी तपासा. एकूण जास्त आणि मुक्त जवळजवळ शून्य आलं तर क्लोरामाइन.

तिरका_खेकडा
टाकलं. अर्ध्या तासात बरेचसे खाली गेले. पट्ट्या आणल्यावर सांगतो.

भिंगरी
माझेही मासे वर येतात, पण फक्त पहाटे. दिवे लागले की तासाभरात खाली. झाडं गच्च आहेत, अमोनिया-नायट्राइट शून्य.

शेवाळशेठ
रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. त्यात पाणी गरम असेल तर ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: 25 अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 30 ला साडेसात. रात्रभर एअर स्टोन लावा. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर दिव्यांसोबतच बंद करा.

पाणबुड्या
कॅनिस्टरवाल्यांसाठी एक सूचना. वीज तासन् तास गेली असेल तर आल्याबरोबर फिल्टर तसाच चालू होऊ देऊ नका. बंद डब्यात ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात, पाणी सडतं. झाकण उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर आतलं पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळून मगच लावा. नाहीतर ते सगळं एका दमात माशांच्या अंगावर.

काचेआड
खबरबात देतो. झिओलाइट टाकलं, पाणी सांगितल्याप्रमाणे बदलतोय. अमोनिया आता 0.5, केएच 2, पीएच 6.6. एंजलचे पर उघडले! कॉरी वाळू उकरतायत. पण नायट्राइट 1 दाखवतंय, ते कधीच नव्हतं. पुन्हा काही बिघडलं का?

रसायनवाली
उलट सुधारतंय. पहिल्या पायरीचे जिवाणू जागे झाले, दुसऱ्या पायरीचे नेहमी मागून येतात. मधल्या काळात नायट्राइट दिसणारच.

नायट्राइट रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं, रक्त तपकिरी होतं. यावर साधं मीठ: कल्ल्यांतून क्लोराइड आणि नायट्राइट एकाच वाटेने आत शिरतात, क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला वाट मिळत नाही. 10 लिटरला 1 ग्रॅम पुरे. वाळू-दगड वजा जाता तुमच्या टाकीत पाणी 100 लिटरच धरा, म्हणजे 10 ग्रॅम, पाण्यात विरघळवून. एवढ्याने कॉरींना त्रास होत नाही.

पण त्याआधी झिओलाइटची पिशवी बाहेर काढा. विसरू नका. मिठातला सोडियम झिओलाइटमधल्या अमोनियमला हुसकावून लावतो आणि धरलेला अमोनिया परत पाण्यात येतो.

काचेआड
पिशवी काढली, मग मीठ. आणि पुढे कायमचं काय? आरओ सोडून देऊ?

रसायनवाली
सोडायची गरज नाही. निम्मं नळ, निम्मं आरओ केलंत तर केएच 4 च्या आसपास राहील, एंजलना चालतं. बाष्पीभवनाने कमी झालेलं भरायला मात्र नुसतं आरओच घाला, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. शिवाय कोरलचा चुरा मूठभर, फिल्टरमध्ये. पाणी आम्लाकडे झुकलं की तो जास्त विरघळतो, नाहीतर गप्प पडून राहतो. केएच महिन्यातून दोनदा तपासा. 2 च्या खाली आला तर कारण शोधा, पीएचची वाट बघू नका.

तिरका_खेकडा
पट्ट्या आल्या. मुक्त क्लोरीन 0, एकूण 1.5. म्हणजे क्लोरामाइनच. बादली रात्रभर ठेवायचा कार्यक्रम रद्द, थेट अँटी-क्लोरीन.

भिंगरी
एअर स्टोन लावला, पहाटे सगळे खाली. काचेआड, गोगलगायींचे भोक पडलेले शंख भरून येतात का?

काचेआड
जुनी भोकं तशीच आहेत. कडेची नवी वाढ मात्र गुळगुळीत येतेय.

टीडीएसवाला
सगळं वाचलं. मग माझा मीटर विकून टाकू का?

रसायनवाली
ठेवा हो. आरओची मेंब्रेन (गाळणारा पडदा) कधी बदलायची ते त्यानेच कळतं.